मनी आणि मणी

२००४ साली मी मांजराचे अठ्ठावीस तुकडे केले आणि एकदाही शिंकले नाही.

हे वाक्य पाहुण्यांसमोर टाकलं की माझी लेक सई कपाळावर हात मारून घेते, म्हणून खुलासा आधीच करते. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत तेवीस वर्षं पेप्टाइडं बनवली आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुकडे होते ते मांजराच्या लाळेतल्या एका प्रथिनाचे. तेही कापलेले नव्हते, शून्यापासून बांधलेले होते. ऑर्डरच्या कागदावर प्रथिनाचं नाव होतं ‘फेल डी १’. परदेशातल्या कुणा संशोधकाला त्याचे पंधरा-पंधरा अमिनो आम्लांचे तुकडे हवे होते, प्रत्येक तुकडा आधीच्यावर थोडा चढलेला, मंगलोरी कौलांसारखा. कशासाठी हवेत, हे आम्हाला कुणी सांगत नसे. ब्लाउज कुणाच्या लग्नात घालायचा, हे शिंप्याने विचारू नये, तसंच ते.

गंमत अशी, की मांजराचं मला जन्माचं वावडं. आजोळी मांजर पडवीत झोपलेलं असायचं आणि माझे डोळे माजघरात चुरचुरायचे. त्याच मांजराच्या प्रथिनाची पांढरी भुकटी मी तोलून बाटल्यांत भरत होते आणि नाक ठणठणीत कोरडं. हा काही पुरावा नव्हे. तोंडावर मास्क होता आणि समोर वारा ओढून घेणारा हूड चालू होता. पण परतीच्या लोकलमध्ये प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. अख्खं मांजर मला रडवतं, मग त्याच्या तुकड्यांनाही माझं नाक ओळखेल का?

नेमका हाच प्रश्न घेऊन काही मंडळी तेव्हा लंडनमध्ये औषध शोधत होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

अंगठ्याला बांधलेला धागा

आधी पेप्टाइड म्हणजे काय ते सांगते. गजरा डोळ्यांसमोर आणा. अमिनो आम्लं ही फुलं, वीस जातींची. हजारो फुलांचा नाहीतर शंभर-दोनशे फुलांचा लांब गजरा स्वतःभोवती गुंडाळून ठरावीक आकारात बसला की ते प्रथिन. पाच, पंधरा, तीस फुलांचा आखूड तुकडा म्हणजे पेप्टाइड. मधुमेहाच्या घरात असणारं इन्शुलिन एक्कावन्न फुलांचं. म्हटलं तर मोठं पेप्टाइड, म्हटलं तर छोटं प्रथिन.

गजरा करणारी बाई धाग्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवते, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. अमेरिकेतल्या ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ साली पेप्टाइडांसाठी हीच युक्ती काढली. पहिलं अमिनो आम्ल त्यांनी रेझिनच्या बारीक मण्याला पक्कं बांधलं. मग एकेक फूल जोडायचं आणि उरलंसुरलं रसायन धुऊन टाकायचं. गजरा मण्याला धरून जागच्या जागी. या युक्तीला १९८४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आमची प्रयोगशाळा तिच्यावरच चालायची. फक्त आम्ही गजरा उलटा करायचो, शेवटच्या फुलापासून पहिल्याकडे.

मणी म्हणजे रव्याचे कण. काचेच्या नळकांड्यात मूठभर मणी, त्यावर द्रावण, आणि तासन् तास हलवणं. प्रत्येक फुलाच्या डोक्यावर एक टोपण असतं, म्हणजे दोन फुलं एकदम लागत नाहीत. पुढचं फूल जोडायच्या आधी ते टोपण पिपरिडीनने काढायचं. पिपरिडीनचा वास मिरी आणि सुकी मासळी यांच्या मधला कुठला तरी. सहा वाजताच्या लेडीज डब्यात मी शिरले की बायका कोळणीची टोपली शोधायला लागायच्या.

आणि या सगळ्यात माझी सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे निनहायड्रिनची परीक्षा. फूल लागलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मग पाच-दहा मणी छोट्या नळीत घ्यायचे, तीन बाटल्यांतले दोन-दोन थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं गरम करायचं. मणी निळे झाले तर काही धाग्यांची टोकं अजून रिकामी आहेत, पुन्हा जोडा. पिवळे राहिले तर काम फत्ते. पुढचं फूल घ्या. हातमोज्याला भोक पडलं की बोटं जांभळी व्हायची. डब्यातली मैत्रीण विचारायची, “जांभळं खाल्लीस का गं, एकटीच?”

ही परीक्षा गाळून चालत नाही. पंधरा फुलांच्या गजऱ्यात चौदा गाठी. प्रत्येक गाठ शंभरात नव्याण्णव वेळा जमली, तर शेवटी शंभरातले सत्त्याऐंशी गजरे धड निघतात. पंच्याण्णव वेळा जमली, तर निम्मेसुद्धा निघत नाहीत. म्हणून दर गाठीला विचारायचं, निळा की पिवळा? तेवीस वर्षं मला या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळत होतं. पुढची सगळी कहाणी हे उत्तर न मिळण्याची आहे.

पहारेकरी आणि कारकून

‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने घडवला. पण ॲलर्जी रक्तातून वाहते हे सिद्ध झालं एका माशामुळे. जर्मनीतले डॉक्टर क्युस्टनर यांना मासळीचं वावडं होतं. त्यांचे सहकारी प्राउस्निट्स मात्र मासे मजेत खायचे. १९२१ साली प्राउस्निट्स यांनी क्युस्टनरांच्या रक्तातला पातळ अंश, म्हणजे सीरम, स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तर तिथेच गांधी उठली. मित्राचं वावडं यांच्या पोटावर! रक्तातला तो पदार्थ कोणता, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. तोच आयजीई.

आयजीई हा पहारेकरी. तो नाकातल्या, डोळ्यांतल्या, श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर बसून असतो आणि चेहरा ओळखतो. म्हणजे प्रथिन गुंडाळल्यावर त्याचा जो आकार होतो, तो. मांजर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तासन् तास तरंगतात आणि कपड्यांवर बसून मांजर नसलेल्या घरांतही पोचतात. असा एक कण आला आणि दोन पहारेकऱ्यांनी तो एकाच वेळी दोन बाजूंनी पकडला, की भोंगा वाजतो. मास्ट पेशी हिस्टामिन ओतते आणि माझं नाक गळायला लागतं. एकट्या पहारेकऱ्याच्या हाताने भोंगा वाजत नाही, दोघं लागतात. इथेच पंधरा फुलांचा तुकडा सुटतो. त्याला ना चेहरा, ना दोघांनी धरावं एवढी लांबी-रुंदी.

पण पहारेकऱ्यांची भरती कोण करतं? आत बसलेला कारकून, टी पेशी. त्याला चेहरे दिसतच नाहीत. दुसऱ्या पेशी प्रथिन चावून त्याच्या चिंध्या करतात आणि एचएलए नावाच्या तबकात ठेवून त्याच्यापुढे धरतात. कारकून फक्त चिंध्या वाचतो आणि हुकूम काढतो, ‘मांजर आलंय, पहारेकरी वाढवा.’

आता युक्ती लक्षात येईल. चिंध्या थेट बाहेरूनच दिल्या तर? पहारेकऱ्याला पत्ता लागणार नाही, भोंगा वाजणार नाही. आजूबाजूला गडबड नसताना तोच कागद कारकुनापुढे पुन्हा पुन्हा आला, की तो हळूहळू त्याला ‘नेहमीचंच’ म्हणून बाजूला सारू लागतो. काही टी पेशी तर शांत बसवणाऱ्या मुकादमाचं काम पत्करतात. पेप्टाइड उपचारांची सगळी भिस्त यावर. अडचण एकच, एचएलएची तबकं माणसागणिक वेगळी. माझ्या तबकात बसणारी चिंधी सईच्या तबकात बसेलच असं नाही. म्हणून एक तुकडा पुरत नाही, पाच-सात लागतात. अठ्ठावीस तुकड्यांची ती ऑर्डर कशासाठी असणार, ते या उपचारांबद्दल वाचताना माझ्या ध्यानात आलं. कोणकोणत्या कौलाखाली कारकून जागा होतो, ते एकेक कौल उचलून बघायचं असणार.

डोळ्यातले थेंब

कारकुनाला सवय लावण्याची कल्पना मात्र पेप्टाइडांहून जुनी. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क काढला आणि ‘हे फीव्हर’च्या, म्हणजे परागांनी नाक-डोळे गळणाऱ्या रोग्यांना तो अगदी थोड्यापासून वाढवत नेत टोचला. परागात विष असतं असा त्यांचा समज होता, तो चुकीचा निघाला. उपाय मात्र लागू पडला. १९१३ साली नून क्षयाने गेले आणि त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेलं.

मला नूनच्या कामातली वेगळीच गोष्ट भावते. रोगी ‘बरं वाटतंय’ म्हणाला म्हणून ते समाधान मानत नसत. ते रोग्याच्या डोळ्यात परागांच्या पाण्याचा थेंब टाकायचे. आधी फार पातळ, मग जरा दाट, असं करत कितव्या थेंबाला डोळा लाल होतो ते बघायचे. उपचारानंतर डोळा जास्त दाट थेंब सोसू लागला, म्हणजे फरक पडला. डोळा लाल किंवा पांढरा. माझ्या निळ्या-पिवळ्याचं सख्खं भावंड.

ही इंजेक्शनं आजही जगभर देतात, आपल्याकडेही. जिभेखाली ठेवायचे थेंब आणि गोळ्याही आहेत. पण तीन ते पाच वर्षांचा पल्ला, आणि टोचतात ते अख्खं प्रथिन, चेहऱ्यासकट. क्वचित पहारेकरी जागा होतो, आणि होतो तेव्हा जिवावर बेतू शकतं. म्हणूनच टोचल्यावर रोग्याला अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात. ब्रिटनमध्ये औषधांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीने १९८६ साली सांगितलं, की १९५७ पासून या इंजेक्शनांमुळे २६ मृत्यू झाले. त्यानंतर तिथे हा उपचार बराच आखडला. चेहरा नसलेला उपचार शोधण्याची निकड तिथल्या डॉक्टरांना वाटली असेल, तर नवल नाही.

सात तुकडे, चार टोचण्या

पहिला प्रयत्न मात्र अमेरिकेत झाला. १९९०च्या दशकात इम्युलॉजिक या कंपनीने फेल डी १ चे सत्तावीस-सत्तावीस अमिनो आम्लांचे दोन तुकडे घेऊन मांजराची लस बनवली. मोठ्या मात्रेने काही फायदा दिसला. पण काही रोग्यांना टोचल्यानंतर काही तासांनी धाप लागली. कंपनीने पुढे हा नाद सोडला.

काही तासांनी भोंगा वाजला, म्हणजे पहारेकरी नव्हता. पहारेकरी असता तर मिनिटांत वाजला असता. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले बॅरी के आणि मार्क लार्शे यांनी हा धागा धरला. आखूड पेप्टाइडं टोचून त्यांनी १९९९ साली दाखवलं, की आयजीईला बाजूला ठेवूनही टी पेशी एकट्याने छाती भरवू शकतात. कारकुनालाही स्वतःचा राग असतो तर! मग तुकडे आणखी आखूड करायचे, मात्रा अगदी कमी ठेवायची आणि टोचायचं कातडीच्या थरातच, असा मार्ग निघाला.

या कामातून ऑक्सफर्डला २००६ साली सर्कॅसिया ही कंपनी उभी राहिली. त्यांच्या ‘कॅट-पॅड’ औषधात फेल डी १ चे तेरा ते सतरा अमिनो आम्लांचे सात तुकडे होते. दर चार आठवड्यांनी एक टोचणी, अशा चार. एका टोचणीतली सातही पेप्टाइडं मिळून मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. आमच्या तराजूच्या ताटलीवर तेवढी भुकटी दिसलीही नसती. कॅनडात रोग्यांना एका खास खोलीत बसवून हवेत मांजराचं प्रथिन मोजून सोडलं आणि नाक-डोळ्यांच्या त्रासाचे गुण घेतले. चार टोचण्या घेतलेल्यांचे गुण खोटं औषध घेतलेल्यांपेक्षा चांगले उतरले, आणि वर्षभराने पुन्हा त्या खोलीत बसवलं तेव्हाही फरक टिकून होता. तीन वर्षांच्या इंजेक्शनांच्या जागी तीन महिन्यांत चार! २०१४ साली कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि तिने २० कोटी पौंड उभे केले.

मग शेवटची, मोठी परीक्षा झाली. सुमारे चौदाशे माणसं, घरात मांजर असलेली. खास खोली नाही. आपापलं घर, आपापलं मांजर, आणि रोज वहीत लिहायचे गुण. जून २०१६ मध्ये निकाल लागला. औषध घेतलेल्यांचा त्रास साठेक टक्क्यांनी कमी झाला होता. आणि नुसतं पाणी टोचून घेतलेल्यांचा? त्यांचाही जवळजवळ तेवढाच!

एका दिवसात कंपनीच्या शेअरची किंमत सुमारे दोन-तृतीयांश घसरली. पुढच्या वर्षी धुळीतल्या माइट किड्यांवरचं त्यांचं पेप्टाइडही असंच खोट्या औषधाशी बरोबरीत राहिलं आणि कंपनीने ॲलर्जीचा रस्ताच सोडला.

ही बातमी मी प्रयोगशाळेत चहाच्या वेळी वाचली. आमचे सर म्हणाले, “फेल गेलं म्हणजे पेप्टाइड खोटं होतं, दुसरं काय?” मला ते पटेना. औषध निकामी असतं, तर दोन्ही गटांना शून्य फायदा व्हायला हवा होता. इथे पाण्याने साठ टक्के माणूस बरा केला होता. बॅचचे मणी आणि मुद्दाम फूल न जोडलेले मणी दोन्ही पिवळे आले, तर मी बॅच फेकण्याआधी निनहायड्रिनची बाटली तपासली असती.

माझी वही

गेल्या श्रावणात सईने इमारतीच्या मीटरच्या खोलीतून मांजराचं एक भिजलेलं पिल्लू उचलून आणलं. “चार दिवस गं आई, घर मिळेपर्यंत.” चार दिवसांनी त्याचं नाव मनी पडलं होतं आणि माझ्या डोळ्यांचे टोमॅटो झाले होते.

मांजर जाणार नाही हे कळल्यावर मी ठरवलं, निदान मोजावं तरी. कॅट-पॅडच्या चाचणीत नाकाच्या चार आणि डोळ्यांच्या चार तक्रारींना शून्य ते तीन गुण होते, एकूण चोवीस. तशीच वही घातली. रोज रात्री नऊ वाजता शिंका, गळणं, चोंदणं, नाकाची खाज. डोळ्यांची खाज, लाली, पाणी, चुरचुर. औषधात बदल केला नाही. पूर्वीसारखीच, फार झालं तर सेट्रिझिनची एक गोळी.

पहिल्या आठवड्याची सरासरी आली अकरा. दुसऱ्याची नऊ. चौथ्याची सहा.

जवळजवळ निम्मं! आणि मी काहीही टोचून घेतलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. मी स्वतःवरच चिडले. मग वही मागे-पुढे चाळली आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. वही घातली तीच मुळी त्रास कळसाला असताना. तिथून खाली येण्यावाचून दुसरी वाट नव्हती. लिहायचंय म्हटल्यावर माझं वागणं बदललं होतं. मनीला कुरवाळून झालं की नकळत साबणाने हात धुवत होते, झोपायच्या खोलीचं दार लावून घेत होते. शिवाय पहिल्या आठवड्यात ‘चुरचुर’ला मी बिनदिक्कत तीन दिले होते, चौथ्या आठवड्यात तेवढ्याच चुरचुरीला दोन दिले, कारण आता ती ओळखीची झाली होती.

चौदाशे घरांतही असंच काहीबाही झालं असणार. त्रास जास्त असलेलीच माणसं चाचणीत घेतात. त्यांना वर्षभर डॉक्टर विचारतात, टोचतात, रोज लिहायला लावतात, मनात आशा असते, आणि घरातलं मांजर कधी मांडीवर असतं तर कधी गच्चीत. या सगळ्यातून साठ टक्के निघून गेल्यावर खऱ्या पेप्टाइडाला आपलं कर्तृत्व दाखवायला जागा किती उरणार? खास खोलीत हवा मोजलेली होती, घरात नव्हती. पेप्टाइड चालत होतं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, की ते चालतं की नाही हे सांगणारी परीक्षाच त्या दिवशी निळी-पिवळी दोन्ही झाली.

शेवटी कल्याणच्या एका ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझ्या हातावर अर्कांचे थेंब ओळीने ठेवून एकेक बारीक टोचा मारला. पंधरा मिनिटांनी उठलेल्या गांधी पारदर्शक पट्टीने मोजल्या. मांजर पाच मिलिमीटर. धुळीतला माइट सात. मला एकदम माझी जुनी नळी हातात आल्यासारखं वाटलं. आकडा, पट्टीवरचा! बाईंनी माझा उत्साह ओळखला असावा. म्हणाल्या, “मॅडम, पहारेकरी आहेत एवढंच ही गांधी सांगते. तुम्हाला त्रास किती होतो, ते तुम्हीच सांगायचं.” पहारेकरी हा शब्द माझा, त्या आयजीई म्हणाल्या. मतलब तोच. आणि साठ वर्षं मी ज्याचं खापर मांजरावर फोडत होते, त्यातलं निम्मं माझ्या गादीत राहत होतं. उशा-गाद्यांना माइट न शिरणाऱ्या खोळी आणि दर आठवड्याला कडकडीत पाण्यात धुतलेल्या चादरी, हे पहिलं औषध मिळालं.

शेंगदाणा आणि भात

पेप्टाइडांची मंडळी मात्र गप्प बसलेली नाहीत. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मोनाश विद्यापीठाच्या रॉबिन ओहेहिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेंगदाण्याच्या प्रथिनांतले टी पेशींना कळणारे तुकडे निवडले. त्यातून अराव्हॅक्स या कंपनीचं ‘पीव्हीएक्स १०८’ हे औषध घडतंय. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत मुलांवर त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. दाण्याचं कूट पडल्याशिवाय ज्या घरात काकडीची कोशिंबीर होत नाही, तिथे हे नवलाचं वाटेल. पण तिकडे एका दाण्याने मूल आयसीयूत जाऊ शकतं. शेंगदाण्याची भुकटी थोडी थोडी खाऊ घालून सवय लावणाऱ्या एका औषधाला अमेरिकेने २०२० साली परवानगी दिली. पण त्यात अख्खं प्रथिन पोटात जातं, पहारेकऱ्याच्या नाकासमोरून.

मला शेंगदाण्याकडून जास्त आशा आहे, त्याचं कारण रसायनशास्त्रात नाही. इथे ‘कसं वाटतंय’ असं विचारायची गरज नसते. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, तोलून, मिलिग्रॅम-मिलिग्रॅमने दाणा खायला द्यायचा आणि अंगावर गांधी कितव्या मात्रेला उठते ते बघायचं. खोटं औषध घेऊन शिंका कमी वाटू शकतात. शेंगदाणा सोसण्याची ताकद नुसत्या आशेने तितकी वाढत नाही. नूनचा डोळ्यातला थेंब शंभर वर्षांनी पुन्हा परीक्षेच्या टेबलावर आला आहे.

दुसरी वाट जपानची. महायुद्धानंतर तिथे डोंगरच्या डोंगर ‘सुगी’ देवदारांनी लावून काढले. ती झाडं वयात आली आणि दर वसंतात देशभर शिंकांची साथ येऊ लागली. तिथल्या संशोधकांनी सुगीच्या परागातल्या दोन प्रथिनांमधून सात तुकडे निवडले, एकाच माळेत ओवले, शहाण्णव अमिनो आम्लांची माळ, आणि तिचा जनुक भातात घातला. तांदळाचा दाणाच औषधाची कुपी झाला. उंदरांना असा तुकड्यांचा भात खाऊ घातल्यावर त्यांची ॲलर्जी निवळली, हे २००५ साली प्रसिद्ध झालं. माझ्यासारखीला यातलं अप्रूप वेगळंच वाटतं. ना पिपरिडीन, ना हूड. गजरा लोंबीतच गुंफून तयार! पण तो भात अन्न की औषध, यावर औषध असा कौल पडला. त्यामुळे त्याला ताटात येण्याआधी सगळ्या औषधी चाचण्यांतून जायचं आहे.

थोडक्यात, ॲलर्जीवरचं असं पेप्टाइडाचं इंजेक्शन आज जगात कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. हल्ली मोबाइलवर पेप्टाइडांच्या कुप्यांच्या जाहिराती दिसतात, सुरकुत्यांपासून प्रतिकारशक्तीपर्यंत सगळं बरं करणाऱ्या. तेवीस वर्षं ती भुकटी हाताळलेली बाई सांगतेय, घेऊ नका. धड निघालेला गजरा आणि दोन फुलं गळालेला गजरा, दोन्ही बाटलीत म्हातारीच्या कापसासारखे सारखेच दिसतात.

परवा सईने विचारलं, “आई, ते मांजराचं इंजेक्शन निघालं असतं, तर तू घेतलं असतंस?”

“घेतलं असतं की.”

“आणि चाचणीत तुला पाणीच टोचलं असतं तर?”

“तर मी साठ टक्के बरी झाले असते.”

ती हसली. मनी टेबलावर चढून उघड्या वहीवर बसली होती. तिला उचलून खाली ठेवलं, हात धुऊन आले आणि नऊचे गुण लिहिले. नाक दोन, डोळे एक. खिडकी उघडी होती, गादीला नवी खोळ होती, आणि मनी सकाळपासून माझ्याच मांडीवर होती. यातलं कुणाचं किती, ते लिहायला वहीत रकाना नाही.